काजव्याचा कंदील आणि घरातील दिवा : निसर्गप्रेरित प्रकाशरचनेतून विजेची बचत

सुगरण पक्षी ओल्या मातीच्या गोळ्याला काजवा चिकटवून आपल्या घरट्यात उजेड करतो, अशी समजूत भारताच्या अनेक भागांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. सुगरणीच्या घरट्यात मातीचे गोळे आढळतात, ही गोष्ट पक्षिनिरीक्षकांनी नोंदवली आहे. वाऱ्याने घरटे फार हेलकावू नये यासाठी ही माती उपयोगी पडत असावी, असे मानले जाते. काजव्याच्या दिव्याला मात्र पुरावा मिळालेला नाही. पक्ष्याने केले की नाही हे अनिश्चित असले, तरी माणसाने मात्र घरातील दिवा सुधारण्यासाठी काजव्याचा आधार घेतला आहे. काजव्याच्या शरीररचनेचा अभ्यास करून त्याच विजेत अधिक उजेड देणारे एलईडी दिवे तयार करण्याचे प्रयोग युरोप, कॅनडा आणि दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांमध्ये झाले आहेत.

हिंदीतील जुगनू, बंगालीतील जोनाकी, तमिळमधील मिनमिनी आणि मराठीतील काजवा या एकाच कीटककुळाकडून घरगुती दिव्याने काय घेतले, किती घेतले आणि काय घ्यायचे राहून गेले, याचा हा आढावा.

निसर्गासारखा दिसणारा आणि निसर्गासारखा वागणारा दिवा

'निसर्गप्रेरित दिवा' हा शब्दप्रयोग बाजारात दोन वेगळ्या अर्थांनी केला जातो. कमळाच्या आकाराची छटा, बांबूच्या कामट्यांचा कंदील, नारळाच्या करवंटीचा दिवा या वस्तू निसर्गासारख्या दिसतात. त्या घराची शोभा वाढवतात. परंतु केवळ आकारामुळे विजेची बचत होत नाही. उलट, गडद रंगाची किंवा जाड विणीची छटा दिव्याचा बराचसा प्रकाश स्वतःच शोषून घेते आणि खोली उजळण्यासाठी मोठा दिवा लावावा लागतो.

दुसरा अर्थ कार्यपद्धतीशी निगडित आहे. सजीवांनी एखादी अडचण कशी सोडवली आहे हे तपासून तेच तत्त्व यंत्रात वा वस्तूत वापरणे, याला जैवअनुकरण किंवा बायोमिमिक्री म्हणतात. अमेरिकी लेखिका जॅनिन बेन्युस यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. दिव्यांच्या बाबतीत असे अनुकरण बाह्य रूपाचे नसते. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजल्या जाणाऱ्या रचनांचे असते.

काजव्याचा कंदील कसा असतो

काजव्याचा प्रकाश त्याच्या पोटाच्या शेवटच्या खंडांतून बाहेर पडतो. या अवयवाला शास्त्रज्ञ 'कंदील' असेच म्हणतात आणि हे नाव सार्थ आहे, कारण दिव्याला लागणारे सर्व भाग त्यात आहेत. मधल्या थरातील पेशींमध्ये ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ऑक्सिजन आणि पेशीतील ऊर्जावाहक एटीपी यांच्या साहाय्याने, ल्युसिफेरेज या विकराच्या उपस्थितीत, प्रकाश निर्माण करते. त्यामागच्या थरात युरिक आम्लाचे सूक्ष्म कण असतात. शरीराच्या आतल्या बाजूस जाणारा प्रकाश ते परत बाहेर लोटतात. कंदिलामागे लावलेल्या चकचकीत पत्र्याचे काम हा थर करतो. सर्वांत बाहेर पारदर्शक उपचर्म असते. ती या कंदिलाची काच. चौथा भाग नियंत्रणाचा. काजवा अखंड प्रकाशत नाही. मज्जासंस्थेच्या आदेशानुसार तो क्षणभर उजळतो आणि विझतो. या नियंत्रणात नायट्रिक ऑक्साइडचा सहभाग असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले.

काजव्याचा प्रकाश शंभर टक्के कार्यक्षम असतो, असे विधान अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. ते बरोबर नाही. १९६० साली झालेल्या मोजणीत प्रक्रियेत भाग घेणाऱ्या दर १०० रेणूंमागे सुमारे ८८ प्रकाशकण मिळतात, असा निष्कर्ष निघाला होता आणि तो पुढे अनेक दशके उद्धृत केला गेला. जपानी संशोधकांनी अधिक अचूक साधनांनी केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हा आकडा सुमारे ४१ आला. हे प्रमाण कमी झाले तरी काजव्याचे महत्त्व कमी होत नाही. त्याच्या प्रकाशाबरोबर उष्णता जवळजवळ जाणवत नाही. शिवाय, उत्तर अमेरिकेतील ज्या सामान्य काजव्यावर सर्वाधिक अभ्यास झाला आहे, त्याचा पिवळसर हिरवा प्रकाश ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. उजेडात मानवी डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो साधारण ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे जवळपास याच रंगाला.

प्रकाश निर्माण होतो, पण बाहेर पडत नाही

काजव्याची आठवण एलईडी तंत्रज्ञांना का झाली, हे समजण्यासाठी एलईडीची एक मूलभूत अडचण लक्षात घ्यावी लागते. घरात वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या एलईडी दिव्यात मूळ प्रकाश निळा असतो. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या स्फटिकात तो निर्माण होतो आणि पिवळ्या प्रस्फुरक लेपातून गेल्यावर पांढरा दिसतो. हा निळा एलईडी शक्य करणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक सुमारे २.५ आहे, तर हवेचा जवळपास १. एवढा फरक असला की स्फटिकाच्या पृष्ठभागावर तिरपा येणारा प्रकाश बाहेर न पडता आरशावर आदळल्यासारखा आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पृष्ठभागाशी लंब असलेल्या दिशेपासून साधारण २४ अंशांच्या आत येणारे किरणच हवेत जाऊ शकतात. साध्या गणिताने पाहिल्यास, सपाट स्फटिकाच्या एका बाजूने थेट बाहेर पडणारा प्रकाश एकूण निर्मितीच्या जेमतेम ४ टक्के भरतो. उरलेला आतल्या आत फिरत राहतो आणि त्यातील काही भाग शोषला जाऊन उष्णतेत बदलतो. म्हणजेच वीज खर्च झाली, प्रकाशही निर्माण झाला, पण तो उंबरठ्यावरच अडला.

उद्योगाने यावर काही उपाय पूर्वीच शोधले आहेत. स्फटिकाचा पृष्ठभाग खडबडीत करणे, मागे परावर्तक थर देणे, वर पारदर्शक घुमट बसवणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. काजव्यासमोर अडचण हीच आहे. त्याच्याही शरीरात प्रकाश दाट माध्यमात तयार होतो आणि उपचर्मातून विरळ हवेत जाऊ पाहतो.

पनामातील काजवा आणि ५५ टक्क्यांची वाढ

बेल्जियममधील नामूर विद्यापीठ आणि कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठ येथील संशोधकांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह फोट्युरिस प्रजातीच्या काजव्यांचा अभ्यास केला. हे काजवे मध्य अमेरिकेतील पनामा येथील होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, त्यांच्या कंदिलावरील उपचर्म गुळगुळीत नसून कौलारू छपरासारखे खवलेदार असल्याचे दिसले. प्रत्येक खवला किंचित कललेला आणि त्याची धारदार कड वर उचललेली. ही कड सुमारे ३ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी, वर आलेली असते. उपचर्मावरील सर्व रचनांचा संगणकीय प्रतिकृतीद्वारे तुलनात्मक अभ्यास केल्यावर, प्रकाश बाहेर काढण्यात सर्वाधिक वाटा या उचललेल्या कडांचा असल्याचे आढळले. सपाट पृष्ठभागावर आत परतला असता असा किरण या कलत्या बाजूवर वेगळ्या कोनात पडतो आणि त्यामुळे त्याला बाहेरची वाट मिळते.

त्यानंतर संशोधकांनी गॅलियम नायट्राइड एलईडीवर प्रकाशसंवेदी पदार्थाचा थर देऊन लेसरच्या साहाय्याने त्यात कारखान्याच्या करवती छपरासारखे उतार कोरले. या उतारांची उंची सुमारे ५ मायक्रोमीटर होती. असा थर दिलेल्या एलईडीमधून बाहेर येणारा प्रकाश, थर न दिलेल्या त्याच एलईडीच्या तुलनेत, ५५ टक्क्यांपर्यंत वाढला. हे दोन्ही निष्कर्ष जानेवारी २०१३ मध्ये 'ऑप्टिक्स एक्स्प्रेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, एलईडीची अंतर्गत रचना बदलण्याची आवश्यकता नाही. तयार एलईडीवर शेवटी एक थर चढवला की काम होते.

हा आकडा वाचताना एक काळजी घेणे आवश्यक आहे. ही वाढ प्रयोगातील विशिष्ट एलईडीवरील आहे. पृष्ठभाग आधीच खडबडीत केलेल्या व घुमट बसवलेल्या बाजारातील दिव्यांत तेवढाच लाभ मिळेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

काच कशी असावी : कोरियातील प्रयोग

प्रकाश स्फटिकातून निघाला तरी त्याला दिव्याचे भिंग वा आवरण ओलांडावे लागते आणि तेथेही काही अंश परत फिरतो. दक्षिण कोरियातील केएआयएसटी या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली काजव्याच्या उपचर्मावरील याहूनही सूक्ष्म, नॅनोमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या रेषांचे अनुकरण करून एलईडीचे भिंग तयार केले. या रेषांमुळे हवा आणि भिंग यांच्यातील सीमा एकदम न येता क्रमाक्रमाने येते, परावर्तन घटते आणि अधिक प्रकाश पार होतो. हे तत्त्व अन्य कीटकांतही आढळते. पतंगाच्या डोळ्यावर असेच सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यामुळे अंधारात त्याचा डोळा चमकत नाही. हे उंचवटे १९६०च्या दशकात लक्षात आले आणि पुढे परावर्तनविरोधी लेप तयार करताना त्यांचा आधार घेण्यात आला.

शंखाचे वळण आणि डेन्मार्कचा दिवा

बाहेर पडलेला प्रकाश योग्य जागी पोहोचवणे ही बचतीची पुढची पायरी. या बाबतीत डेन्मार्कचे वास्तुरचनाकार पॉल हेनिंगसेन यांचे काम आजही आदर्श मानले जाते. विजेच्या उघड्या दिव्याने डोळे दिपतात आणि रॉकेलच्या दिव्याचा सौम्यपणा हरवतो, अशी त्यांची तक्रार होती. १९२५-२६च्या सुमारास त्यांनी एकावर एक तीन छटा असलेला दिवा विकसित केला. छटांची वक्रता त्यांनी लघुगणकीय सर्पिल रेषेवर बेतली. नॉटिलस या सागरी प्राण्याच्या शंखात दिसणारे वळण याच प्रकारचे असते. या वक्रतेमुळे प्रकाश छटेवर सर्वत्र जवळजवळ समान कोनात पडतो आणि खालच्या दिशेने एकसारखा पसरतो. दिवा थेट डोळ्यांत येत नाही.

हेनिंगसेन यांनी १९५८ साली कोपनहेगनमधील लँगेलिनी पॅव्हिलियनसाठी केलेल्या झुंबराला आर्टिचोक या भाजीच्या कळीचे नाव मिळाले. १२ रांगांत रचलेली ७२ पाने कोणत्याही बाजूने आतील दिवा दिसू देत नाहीत. कमी शक्तीचा दिवाही डोळे न दिपवता पुरेसा वाटू शकतो, हा त्यांच्या कामाचा घरगुती वापरासाठीचा धडा होय.

रोपट्याचा उजेड

दिव्याऐवजी प्रत्यक्ष जिवंत रोपच घरात उजळावे, असाही प्रयत्न झाला आहे. प्रकाशणाऱ्या बुरशीची जनुके घातलेले पेटुनियाचे रोप २०२४ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्याच्या व्यापारी नावात काजव्याचा उल्लेख असला तरी जनुके बुरशीची आहेत. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री ओल्या लाकडावर हिरवट चकाकणारी बुरशी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या उजेडाची कल्पना येईल. तो अंधारात मोहक दिसतो, पण त्यात पुस्तक वाचता येत नाही. विजेच्या दिव्याला तो पर्याय नाही.

भारतातील घरांचा अनुभव

भारतात विजेच्या बचतीचा मोठा टप्पा तापतारी पिवळ्या बल्बकडून एलईडीकडे वळण्याने गाठला गेला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेखाली एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीमार्फत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्बचे वितरण झाले. एकत्रित खरेदीमुळे २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ सालापर्यंत सुमारे ३८ रुपयांवर आला. या बल्बमुळे दरवर्षी सुमारे ४,७०० कोटी युनिट विजेची बचत होत असल्याचा सरकारी अंदाज आहे.

एका घरापुरता हिशेब सोपा आहे. ६० वॉटचा जुना बल्ब रोज ५ तास लावल्यास वर्षाला सुमारे ११० युनिट वीज लागते. त्याहून कमी उजेड न देणारा ९ वॉटचा एलईडी सुमारे १६ युनिट घेतो. प्रतियुनिट ७ रुपये दर धरल्यास एका दिव्यामागे वर्षाला साधारण ६५० रुपये वाचतात.

घरासाठी दिवा निवडताना

काजव्याच्या कंदिलाचे चार भाग, म्हणजे स्रोत, परावर्तक, आवरण आणि नियंत्रण, ध्यानात ठेवल्यास घरातील दिव्यांची निवडही सोपी होते.

स्रोत : दिव्याची वॉटमधील संख्या विजेचा खर्च सांगते, उजेड नव्हे. उजेड ल्युमेनमध्ये मोजला जातो. वेष्टनावरील ल्युमेनच्या आकड्याला वॉटने भागल्यास दिव्याची कार्यक्षमता कळते. जुन्या बल्बमध्ये ती १० ते १५ असते, सीएफएलमध्ये साधारण ५० ते ७०, तर चांगल्या एलईडीमध्ये १०० वा त्याहून अधिक. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल एलईडी दिव्यांसाठी २०१८ पासून बंधनकारक आहे.

परावर्तक : घराचे छत आणि भिंती हेच मोठे परावर्तक आहेत. पांढऱ्या वा फिकट रंगाच्या खोलीत त्याच दिव्याचा उजेड अधिक वाटतो. दिवा छताच्या मध्यभागी लावण्याऐवजी स्वयंपाकाचा ओटा, अभ्यासाचे टेबल, शिवणयंत्र अशा कामाच्या जागेवर लावल्यास कमी वॉटचा दिवा पुरतो.

आवरण : दुधी आवरणाने डोळ्यांना त्रास होत नाही, मात्र ते जितके जाड तितका प्रकाश घटतो. आवरणावरील धूळ वेळोवेळी पुसावी. पूर्ण बंद काचगोळ्यात एलईडी बसवल्यास उष्णता कोंडून त्याचे आयुष्य घटते.

नियंत्रण : जिना, पडवी, न्हाणीघर अशा ठिकाणी हालचाल ओळखून लागणारे व विझणारे दिवे उपयुक्त ठरतात. शयनगृहात २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर दिवा रात्रीच्या वेळेला अनुकूल असतो. ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा तेथे टाळणे हितावह.

ज्याच्याकडून शिकलो, त्याचाच अंधार

चार धड्यांपैकी शेवटचा, नियंत्रणाचा धडा, मात्र जगभर दुर्लक्षित राहिला आहे. दिवे स्वस्त आणि काटकसरी झाले तसे ते अधिक संख्येने आणि अधिक वेळ लावले जाऊ लागले. २०११ ते २०२२ या काळात नागरिकांनी उघड्या डोळ्यांनी नोंदवलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार रात्रीच्या आकाशाचा उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसून आले.

याची झळ ज्यांना बसते त्यांत काजवा अग्रभागी आहे. काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला संकेत असतो. आसपास दिव्यांचा झगमगाट असल्यास हा संकेत दिसत नाही आणि मीलन टळते. २०२० साली 'बायोसायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत तज्ज्ञांनी काजव्यांपुढील धोक्यांत अधिवासाचा नाश, रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके यांना प्रमुख स्थान दिले.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा आणि पुरुषवाडी परिसरात मे अखेरीपासून पावसाच्या आगमनापर्यंत हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची रोषणाई दिसते. ती पाहण्यासाठी मोठ्या संख्येने पर्यटक येतात आणि त्यांच्या वाहनांचे दिवे, मोबाइलचे झोत या सोहळ्यात व्यत्यय आणतात. दुसरीकडे, काळोख जपण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

घराबाहेरच्या दिव्याला वरून झाकण देणे, त्याचा झोत जमिनीकडे ठेवणे, पिवळसर रंगाचा दिवा निवडणे आणि काम संपताच तो मालवणे, एवढ्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोग्या आहेत. त्यांसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि वीजबिलही कमी होते. काजवा आपला प्रकाश हवा तेव्हा, हवा तितका वेळ आणि हवा त्या कारणासाठीच वापरतो. घरातील दिव्यानेही हा संयम पाळला, तरच प्रयोगशाळेत कमावलेली टक्केवारी खऱ्या बचतीत उतरेल आणि काजव्याच्या वाट्याची रात्रही शिल्लक राहील.